आपत्तीपूर्वीचा पैसा



नदीला पूर येऊन गेला, की दोनतीन दिवसांत वर्तमानपत्रांतून एक ठराविक बातमी आपल्या वाचनात येते. मंत्रिमहोदयांनी पूरग्रस्त भागाची पाहणी केली, पंचनामे ताबडतोब पुरे करण्याच्या आज्ञा सोडल्या, आणि अमुक इतक्या कोटींचे साहाय्य जाहीर केले. ही बातमी वाचून आपणां सर्वांना बरे वाटते, आणि त्यात गैर असे काही नाही. ज्याचे घर वाहून गेले त्याला सरकारने हात दिलाच पाहिजे. परंतु त्या बातमीत एक आकडा कधीही नसतो. पाऊस पडण्यापूर्वी, भर उन्हाळ्यात, त्याच जिल्ह्यात त्याच पुरासाठी किती पैसा बाजूला काढून ठेवला होता आणि त्यातून काय उभे केले होते, हा तो आकडा. आज मला बोलावयाचे आहे ते या न छापल्या जाणाऱ्या आकड्याविषयी. विषय जमाखर्चाचा असल्यामुळे तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पण सरकारी जमाखर्चाच्या एखाद्या ओळीत माणसांचे जीव किती गुंतलेले असतात, हे या विषयात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

आपत्तीवर खर्च होणारा पैसा दोन प्रकारचा असतो. एक आपत्तीनंतरचा आणि दुसरा आपत्तीपूर्वीचा. नंतरच्या पैशाला मागणारे पुष्कळ असतात. दुःख डोळ्यांसमोर असते, विधानसभेत प्रश्न विचारले जातात, आणि तिजोरी कितीही रिकामी असली तरी कोठून ना कोठून तो पैसा निघतो. मराठवाड्यात व इतरत्र २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, तेव्हा पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पूर्वीच्या पैशाला मात्र मागणारा कोणी नसतो. जो पूर अद्याप आलेला नाही त्याचे पूरग्रस्तही अद्याप कोणी नाहीत; मग शिष्टमंडळ घेऊन जावयाचे कोणी?

ही अडचण आजची नव्हे. १८७६ ते १८७८ या तीन वर्षांत दख्खनवर, म्हैसुरावर आणि मद्रास इलाख्यावर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्याने इंग्रज सरकारच्या तिजोरीला मोठे भगदाड पाडले. तेव्हा हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी एक हिशेब मांडला. दर दहा वर्षांत दुष्काळापायी सुमारे पंधरा कोटी रुपये खर्च होतात; तेव्हा दरसाल दीड कोटी रुपये आधीच बाजूला काढावेत, म्हणजे दुष्काळ आला असता कर्ज काढावे लागणार नाही. याला दुष्काळ-विमा असे नाव मिळाले. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारउदिमावर परवाना-कर बसविण्यात आला, काही प्रांतांत जमिनीवरील पट्टीही वाढविण्यात आली, आणि हा पैसा याच कामी खर्च होईल अशी ग्वाही देण्यात आली. कल्पना उत्तम होती. तोवर सरकारने आपत्तीकडे दैवी कोप म्हणून पाहिले होते. आता प्रथमच ती अंदाजपत्रकात धरावयाची एक नित्याची बाब ठरली.

पण पुढे घडले काय? त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाण युद्ध पेटले, आणि विम्याची म्हणून जी शिल्लक राहावयाची ती युद्धाच्या खर्चात दिसेनाशी झाली. कर मात्र राहिला. पुढे १८८१ नंतर ही तरतूद पुन्हा सुरू झाली. परंतु तिचा एक वाटा कर्ज कमी करण्याकडे, एक रेल्वेकडे व पाटबंधाऱ्यांकडे, अशी तिची विभागणी झाली. दुष्काळ-विम्याचा पैसा कोठे गेला, हा प्रश्न आपल्या पुढाऱ्यांनी त्यानंतर कित्येक वर्षे धसास लावला. त्या वादात मला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. पैसा बाजूला काढणे आणि तो बाजूला ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटी केली, पण किल्ली ज्याच्या हाती त्यालाच तिची गरज लागली, तर ती पेटी भिंतीतील कोनाड्यासारखी होते. ज्याचा हात पोहोचेल त्याने घ्यावे.

त्या दुष्काळातून निर्माण झालेली दुसरी वस्तू मात्र टिकली. ती म्हणजे दुष्काळ-संहिता. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून १८८३ मध्ये तिचा नमुना तयार झाला, आणि पुढे प्रांतोप्रांतीच्या संहिता झाल्या. पाऊस किती कमी पडला म्हणजे कलेक्टराने कोणती तजवीज करावयाची, कामे कोठे काढावयाची, मजुरी कशी ठरवावयाची, सारावसुली केव्हा थांबवावयाची, हे सर्व तीत लिहिलेले होते. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी काय केले ते आपणांस ठाऊक आहेच. त्यांनी सरकारचीच संहिता मराठीत आणून गावोगाव पोहोचविली आणि शेतकऱ्यांस सांगितले, की हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, तो मागा. त्यासाठी सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांतून हिंडले, आणि १८९७ मध्ये सरकारने त्या सभेची मान्यताच काढून घेतली. आपल्या स्वतःच्या पुस्तकाचे जाहीर वाचन सरकारला सहन झाले नाही, ही त्यातील गंमत म्हणावी की विषाद, हे श्रोत्यांनी ठरवावे.

आता आपण हैदराबादेकडे वळू. तेथे निराळ्याच मार्गाने, आणि पुष्कळच यशस्वी रीतीने, हा प्रश्न हाताळला गेला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराच्या कथा तेथील जुन्या मराठी कुटुंबांतून अद्याप ऐकू येतात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, ते झाड लोक आजही दाखवितात. हजारो माणसे मात्र वाचली नाहीत. निजाम सरकारने नुकसानभरपाई वाटली, अन्नछत्रे घातली. पण तेथेच न थांबता पुढच्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून घेतले. विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढलेले. खडकवासल्याच्या धरणावर बसविलेल्या स्वयंचलित दारांमुळे पुणेकरांच्याही परिचयाचे.

त्यांनी प्रथम पुराचे पाणी आले कोठून याचा शोध केला. मुसीच्या पाणलोट क्षेत्रात आठशेच्या जवळपास तळी होती आणि त्यांतील दोनशेहून अधिक त्या एका पावसात फुटली होती, असे त्यांना आढळले. एक तळे फुटले, त्याचे पाणी खालच्या तळ्यावर आदळले, ते फुटले, आणि याप्रमाणे साखळीच्या साखळी शहरावर येऊन पडली. म्हणजे पूर हा जितका आभाळाचा होता तितकाच तो बांधबंदिस्तीचाही होता. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधण्याची सूचना केली. पुराचे पाणी तेथे अडवावे, आणि मग हळूहळू सोडावे. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. मध्यंतरी १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापून नदीकाठ मोकळा करणे, रस्ते रुंद करणे, ही कामेही हाती घेण्यात आली.

येथे वर्षे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पूर १९०८ चा, आणि काम पुरे झाले १९२७ साली. मध्ये एक निजाम जाऊन दुसरा आला, एक महायुद्ध होऊन गेले. तरी खर्चाची ती बाब बंद पडली नाही. संस्थानी कारभाराचे दोष मला मान्य आहेत आणि त्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तथापि एकोणीस वर्षे एका पुराची आठवण अंदाजपत्रकात जागती ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिवाय त्या जलाशयांनी पुढे शहराला पिण्याचे पाणी दिले. जी वस्तू आपत्तीच्या दिवशी उपयोगी पडते ती एरवीच्या दिवशीही उपयोगी पडेल अशी योजली, म्हणजे तिची निगा आपोआप राखली जाते. या दोन तलावांच्या पाणलोटात बांधकामांवर निर्बंध घालणारा शासकीय आदेश १९९६ मध्ये निघाला होता. तो उठविण्याचा आदेश २०२२ मध्ये निघाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, हैदराबादचे कित्येक मोहल्ले पावसाच्या पाण्यात बुडाले होते. यावर अधिक भाष्य मी करीत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा पैशाचा प्रश्न वित्त आयोगांच्या हाती आला. १९५७ च्या दुसऱ्या वित्त आयोगाने प्रत्येक राज्याच्या खर्चात आपत्तीसाठी काही रक्कम गृहीत धरण्याची पद्धत पाडली. तिला सीमांत रक्कम असे म्हणत. ती संपली की राज्याने केंद्राकडे धाव घ्यावयाची, केंद्राने पथक पाठवावयाचे, पथकाने पाहणी करावयाची, आणि तोवर पुढचा हंगाम यावयाचा. नागपूरचे न. कु. साळवे ज्याचे अध्यक्ष होते त्या नवव्या वित्त आयोगाने ही रीत बदलली. १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती साहाय्य निधी स्थापन झाला. देशभराचा मिळून तो वर्षाला ८०४ कोटी रुपयांचा होता. त्यातील तीन हिस्से केंद्राचे आणि एक हिस्सा राज्याचा. केंद्राकडे हात पसरण्यापूर्वी राज्याच्या हाती स्वतःचे काही असावे, हा त्यातील सुज्ञ विचार. परंतु तो निधी होता साहाय्याचा. घर पडल्यावर पैसे मिळत. घर पडू नये म्हणून मिळत नसत.

याच काळात आपल्या भागावर एक मोठा घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचा तो प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले आणि त्यातच महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांच्या आपत्ती-योजना तयार करविल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने आपले आपत्ती प्राधिकरण स्थापन केले आणि २००३ मध्ये त्यासाठी कायदाही केला. बडोद्याच्या आपल्या बंधूंना याचा अभिमान वाटावा, कारण त्या वेळी देशाचा तसा कायदा नव्हता. तो पुढे २००५ मध्ये झाला.

या २००५ च्या कायद्यातील ४८ वे कलम मला फार मोलाचे वाटते. राज्य सरकारने दोन निधी स्थापावेत असे ते सांगते. एक प्रतिसाद निधी आणि दुसरा निवारण निधी, आणि ते राज्याच्या पातळीवर व जिल्ह्याच्या पातळीवर, दोन्हीकडे. प्रतिसाद म्हणजे आपत्ती आल्यावर करावयाचे काम; निवारण म्हणजे ती येऊ नये, किंवा आलीच तर तिचा तडाखा कमी बसावा, यासाठी आधी करावयाचे काम. १८७८ पासून जी दुसरी पेटी कोणालाच नीट करता आली नव्हती ती कायद्याने प्रथमच मांडली. मग ती भरली केव्हा? प्रतिसाद निधी पुण्याचे विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०१० पासून सुरू झाला. पाच वर्षांसाठी तेहतीस हजार पाचशे कोटींवर रक्कम त्यात धरली गेली, आणि शिवाय सव्वापाचशे कोटी रुपये केवळ माणसे तयार करण्यासाठी, म्हणजे प्रशिक्षणासाठी, राखून ठेवण्यात आले. दुसऱ्या पेटीला मात्र खराखुरा पैसा मिळण्यास पंधराव्या वित्त आयोगाची वाट पाहावी लागली. राष्ट्रीय निवारण निधी स्थापन झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. कायद्याची शाई वाळल्यावर पंधरा वर्षांनी!

त्या आयोगाने घातलेली विभागणी आपण थोडी लक्षपूर्वक ऐकावी. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांचा मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांचा निधी त्याने सुचविला. त्यातील शंभर रुपयांपैकी चाळीस तातडीच्या साहाय्यासाठी, तीस पुनर्बांधणीसाठी, दहा पूर्वतयारी व प्रशिक्षणासाठी, आणि वीस निवारणासाठी. शंभरात तीस रुपये आपत्तीपूर्वीचे झाले. तीस रुपये थोडे वाटतील; पण जेथे पूर्वी त्याला नावही नव्हते, तेथे तो हक्काचा हिस्सा झाला, ही गोष्ट लहान नाही. बहुतेक राज्यांत यातील पाऊण भाग केंद्र देते आणि पाव भाग राज्य. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांस राज्याचा वाटा दहावा भागच ठेवला आहे.

हा निधी ठेवावयाचा कसा, याचेही नियम आहेत. तो राज्याच्या लोकलेख्यात व्याज देणारा राखीव निधी म्हणून वेगळा दाखवावयाचा, आणि शिल्लक सरकारी रोख्यांत किंवा बँकेच्या ठेवीत गुंतवावयाची. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत मात्र अनेक राज्यांविषयी एकच तक्रार पुनःपुन्हा येते, की शिल्लक गुंतविलेलीच नाही. याचा अर्थ सोपा आहे. कागदावर निधी आहे. पण तो पैसा राज्याच्या रोजच्या खर्चात मिसळलेला आहे. अफगाण युद्ध नाही, एवढाच काय तो फरक. जमाखर्चाच्या वह्या चाळण्यात ज्याने आयुष्य घालविले आहे अशा मनुष्याला ही ओळ वाचताना जी अस्वस्थता वाटते, ती इतरांना समजावून देणे कठीण जाते.

महाराष्ट्राने एके काळी याहून मजबूत कुलूप करून दाखविले होते, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेचे महत्त्व सर्वांस पटले. मग पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये शहरांतील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय-कर बसविण्यात आला. त्याचे जितके उत्पन्न येईल तितकीच रक्कम सरकारने आपल्या पदरची घालावयाची, असे ठरले. पगाराच्या चिठ्ठीत कापली जाणारी ती लहानशी रक्कम आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. ती मुळात कोरडवाहू गावातील बांधबंदिस्तीसाठी आणि पाझर तलावासाठी कापली जाऊ लागली, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. त्या योजनेत दुष्काळग्रस्ताला मजुरी मिळे, आणि त्याच मजुरीतून पुढच्या दुष्काळाला अडविणारा बांध तयार होई. आपत्तीनंतरचा पैसा आणि आपत्तीपूर्वीचा पैसा येथे एकाच हातातून जात होता.

पूर्वतयारीवर खर्च केलेल्या पैशाचे फळ काय, असे कोणी विचारील तर त्याला ओरिसाची दोन वादळे दाखवावीत. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. वादळ येणार हे ठाऊक होते. जावयाचे कोठे हे ठाऊक नव्हते. किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेली थोडीशी पक्की आश्रयस्थाने होती, आणि जे तेथे पोहोचले ते वाचले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओरिसाने आपले आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. पुढील वीस वर्षांत किनारपट्टीवर आठशेहून अधिक आश्रयस्थाने उभी राहिली, त्यांच्याकडे जाणारे रस्ते झाले, आणि गावोगावच्या तरुणांना शिकवून तयार केले गेले. बहुतेक आश्रयस्थानांत एरवी शाळा भरतात. ३ मे २०१९ रोजी फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले, तोवर सुमारे बारा लाख माणसे हलविण्यात आली होती. मृतांची संख्या चौसष्ट होती. दोन वादळांची शक्ती अगदी समान नव्हती हे खरे. पण दहा हजार आणि चौसष्ट यांतील अंतर केवळ वाऱ्याच्या वेगाने भरून निघत नाही. ओरिसा हे काही श्रीमंत राज्य नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

त्याच २०१९ सालच्या ऑगस्टात आपल्याकडे काय झाले? कृष्णा, पंचगंगा आणि वारणा यांनी सांगली-कोल्हापूरला वेढा घातला. खाली चिकोडी, रायबाग, अथणी येथे कृष्णा पसरली. गोकाकला घटप्रभेने आणि रामदुर्गला मलप्रभेने घेरले. निपाणीच्या आसमंतात वेदगंगा-दूधगंगांनी धुमाकूळ घातला. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ या गावी ८ ऑगस्ट रोजी, पुरात अडकलेली माणसे सुरक्षित जागी नेत असताना, गावची होडी उलटली. होडीत सामावतील त्याहून पुष्कळच अधिक माणसे होती, आणि त्यांत स्त्रिया व मुले होती. कित्येक बुडाली. ती माणसे पुराने घेरली होती, परंतु बुडाली ती सुटका होत असताना. दुसरी होडी नव्हती म्हणून, पुरेशी जीवरक्षक जाकिटे नव्हती म्हणून. राज्याच्या निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी चार लाख रुपये देण्याचा नियम आहे. यंत्राची एक साधी होडी आणि जाकिटांचा एक गठ्ठा यांची किंमत अशा दोनतीन वारसांना मिळणाऱ्या रकमेहून फारशी अधिक नसते. हा हिशेब उघड मांडणे क्रूरपणाचे वाटते, परंतु तो न मांडण्यात अधिक क्रूरपणा आहे.

कृष्णेच्या या पुराने आणखी एक गोष्ट उघडी केली. निधी राज्याराज्यांचा आहे. नदी तशी नाही. कोयनेचे पाणी सोडले, की ते सांगलीवरून राजापूरच्या बंधाऱ्यापाशी येते आणि तेथून कर्नाटकात जाते. अलमट्टीची दारे उघडली अथवा मिटली, की त्याची चर्चा सांगलीच्या बाजारपेठेत होते. सीमेवरून भांडणे आपण पुष्कळ केली, आणि ती का केली हे बेळगावच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. पण चिकोडीच्या नदीकाठच्या शेतकऱ्याला वरच्या धरणातून किती पाणी निघाले हे काही तास आधी कळावे, यासाठी लागणारी यंत्रे, दूरध्वनी आणि माणसे यांचा खर्च दोन राज्यांनी मिळून एका ठिकाणी धरला, तर त्यात कोणाच्याच सीमेचा पराभव होत नाही. पूर्वतयारीचे ते शंभरातील दहा रुपये अशाच कामासाठी आहेत.

ते खर्च का होत नाहीत, याची कारणे शोधण्यास फार दूर जावयास नको. आश्रयस्थानाचे उद्घाटन करता येते. पण दर वर्षी त्याच्या छताची डागडुजी केली तर तिचे उद्घाटन कोण करणार? होडी विकत घेता येते. तिचे यंत्र दर महिन्याला चालवून पाहणाऱ्या माणसाचा पगार मात्र कोणत्या शीर्षात घालावयाचा, यावर कचेऱ्यांत पत्रव्यवहार चालतो. केंद्राचा हप्ता साधारणतः जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये यावयाचा. पावसाळ्यापूर्वीची कामे करावयाची असतात मार्च-एप्रिलमध्ये, नेमकी तेव्हा, जेव्हा जुन्या वर्षाचा पैसा परत जाण्याची घाई असते आणि नव्या वर्षाचा अद्याप हाती पडलेला नसतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण पावसाच्या पंचांगात आणि तिजोरीच्या पंचांगात ताळमेळ नाही, ही गोष्ट एखाद्या कारकुनालाही दिसते. ती दुरुस्त करण्यास मात्र मंत्रिमंडळ लागते.

निधीतून मदत कोणत्या आपत्तींसाठी मिळते याची यादी ठरलेली आहे. वादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, गारपीट, दरड कोसळणे, टोळधाडीसारखा किडींचा हल्ला, कडाक्याची थंडी, इत्यादी. वीज पडणे आणि उष्णतेची लाट या बाबी राष्ट्रीय यादीत नव्हत्या. राज्याने आपल्या स्थानिक आपत्ती म्हणून त्या जाहीर केल्या, तर निधीच्या दहाव्या भागापर्यंत खर्च करण्याची मुभा देण्यात आली. मराठवाड्यात, माळव्यात आणि तेलंगणात शेतात काम करणाऱ्या माणसांवर वीज पडून दरसाल मृत्यू होतात. ते एकेकटे होतात, म्हणून त्यांचा गाजावाजा होत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यासाठी आधी काही करण्याचे सुचत नाही.

इतके सगळे ऐकल्यावर, आपण सामान्य नागरिक यात काय करू शकतो, असे कोणाच्याही मनात येईल. टिळकांनी दुष्काळ-संहितेचे जे केले तेच आजही करता येण्यासारखे आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि स्थानिक संस्थेचे लोकनियुक्त प्रमुख, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, त्याचे सहअध्यक्ष असतात. प्राधिकरणाने जिल्ह्याची योजना करावयाची आणि दर वर्षी ती तपासून अद्ययावत करावयाची, असा कायदा आहे. पुष्कळ जिल्ह्यांच्या योजना छापून प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्या जाडजूड असतात, त्यांत तक्ते पुष्कळ असतात, आणि त्यांत कित्येकदा बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही असतात. तरी त्या वाचाव्यात. ग्रामपंचायतीच्या सभेत त्यांतील आपल्या तालुक्याचे पान मोठ्याने वाचावे. त्यात आपल्या गावाच्या नावापुढे किती होड्या, किती जाकिटे आणि पाण्यात उतरणारे किती पोहणारे लिहिले आहेत ते टिपून घ्यावे, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एका रविवारी नदीवर जाऊन ती मोजून यावीत.